पाणसुरुंग

इ. स. १९१७ सालीं महायुद्धाच्या तोफा मुंबईकरांच्या कानीं येत नव्हत्या. तरीही २३ जून रोजीं ‘मंगोलिया’ ही प्रवासी आगबोट मुंबईनजीकच्या समुद्रांत बुडाली. शत्रूचें जहाज दृष्टीस पडलें नाहीं. मग तिला बुडविलें कोणीं?

शत्रु चार महिन्यांपूर्वींच येऊन गेला होता! ‘वोल्फ’ हें जर्मन जहाज व्यापारी बोटीचें सोंग घेऊन नोव्हेंबर १९१६ मध्यें निघालें आणि फेब्रुवारींत त्यानें येथें गुपचूप पाणसुरुंग पेरले.

पाणसुरुंग म्हणजे स्फोटक दारू भरलेला लोखंडी गोळा. आंतील हवेमुळें तो वर येऊं पाहतो. परंतु तळाशीं पडलेला जड नांगर त्याला दोरानें पाण्याखालींच धरून ठेवतो. त्यामुळें तो वरून दिसत नाहीं. त्याच्या अंगावर शिशाचीं शिंगें असत व प्रत्येक शिंगांत अम्लानें भरलेली कांचेची नळी. जहाजाचा धक्का लागतांच शिंग वांके, नळी फुटे, अम्ल घटांत उतरून वीज उत्पन्न होई आणि स्फोट होई.

असे सुरुंग काढण्यासाठीं दोन बोटी मध्यें लांब तार ओढीत समुद्र झाडतात. सुरुंगाचा दोर तुटला, कीं तो वर येतो. मग दुरूनच गोळ्या झाडून त्याचा निकाल लावतात.

सुरुंगाला शत्रु-मित्र ओळखतां येत नाहींत, आणि तह झाल्याचेंही कळत नाहीं. म्हणून १९०७ सालीं हेग येथें राष्ट्रांनीं नियम केला, कीं नांगरापासून सुटलेला सुरुंग तत्काळ निरुपद्रवी व्हावा. ‘वोल्फ’ १९१८ सालीं सुखरूप स्वदेशीं पोंचलें. ‘मंगोलिया’वरील कांहीं माणसें मात्र घरीं परतलीं नाहींत.