कुंडीतली ब्लूबेरी आणि तिची आंबट माती

गुडघ्याएवढं ब्लूबेरीचं झुडूप आज कुंडीत लावता येतं. अट एकच, माती आंबट हवी. सामू साधारण साडेचार ते पाच, आणि चुना अजिबात नको. ही साधी सूचना आपल्यापर्यंत कशी आली, ते आज पाहू.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ब्लूबेरी म्हणजे रानमेवाच. बागेत आणली की झुडपं मरायची. लोक चांगली कसदार, चुना घातलेली माती द्यायचे आणि वर म्हणायचे, हे झाड माणसाळत नाही! कृषी खात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९०६ पासून वॉशिंग्टनमध्ये प्रयोग केले, हरितगृहात, कुंड्यांमधून. पीटच्या निकस, आंबट मातीत रोपं तरारली. म्हणजे खोट झाडात नव्हती, ‘चांगल्या मातीच्या’ आपल्या कल्पनेत होती. १९१० मध्ये त्यांनी हे छापलं.

ते वाचलं न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी. पाइन बॅरन्सच्या रेताड, आंबट जमिनीत त्यांच्या घरची क्रॅनबेरीची शेती होती. कोव्हिल यांना त्यांनी जागा आणि मदत देऊ केली. पण संकरासाठी उत्तम झुडपं शोधणार कोण? रानात वाढलेली तिथलीच माणसं. व्हाइट यांनी त्यांना पाच अष्टमांश इंच भोकाचं माप दिलं. फळ त्यातून पडलं तर झुडूप नापास. पास झालं तर पैसे, शिवाय झुडपाला शोधणाऱ्याचं नाव. रूब लीक नावाच्या माणसाचं झुडूप ‘रुबेल’ झालं. १९१६ मध्ये लागवडीची पहिली ब्लूबेरी बाजारात गेली.

आता याच सुमाराची दुसरी नोंद पाहा. १९१३ मध्ये याच रानातल्या लोकांना मंदबुद्धी ठरवणारा अहवाल छापून आला आणि त्यांना समाजापासून वेगळं ठेवण्याची भाषा सुरू झाली. हजारो झुडपांतून नेमकं एक ओळखणारी माणसं ही! जमीन निकस आणि माणसंही निकस, हा शेरा मारणारे बाहेरचेच होते.

पुढे उंच आणि बुटक्या जातींच्या संकरातून मिनेसोटा विद्यापीठाने १९८३ मध्ये ‘नॉर्थस्काय’ आणली. कुंडीत सहज मावणारी. तिच्यासाठी आंबट माती कालवताना पुस्तकात कोव्हिल सापडतील. रूब लीकचं नाव मात्र आपल्यालाच आठवावं लागेल.