भयाचा व्यापार आणि एक खटला

अंधेरी-बोरिवली काय किंवा घाटकोपर-मुलुंड काय, लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या 'गुप्तरोगां'च्या जाहिराती आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. तरुणांच्या भयावर चालणारा हा व्यापार जुना आहे. हस्तमैथुनाने शरीर झिजते, ही समजूत आपल्याकडे 'धातू'च्या कल्पनेवर पोसली. युरोपात अठराव्या शतकात तिसो या स्विस डॉक्टराच्या ग्रंथाने तिला शास्त्राचा मुलामा दिला.

मुंबईत या भयाशी झुंज घेतली ती प्रा. र. धों. कर्वे यांनी. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. वाचक संकोच सोडून विचारीत, कर्वे स्पष्ट उत्तरे देत. हस्तमैथुनादी प्रश्नांच्या अशाच उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले. कर्व्यांना दंड झाला. पण मासिक त्यांनी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले.

आज वैद्यकशास्त्र निःसंदिग्धपणे सांगते की, या सवयीने अशक्तपणा, नपुंसकत्व वा वेड येत नाही. वीर्य शरीरात सतत तयार होत असते. नित्याच्या कामांत अडथळा येऊ लागला, तरच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पुष्कळांना खरी पीडा होते ती धास्तीची. डॉ. विग यांनी १९६० साली तिलाच 'धात सिंड्रोम' हे नाव दिले.

तेव्हा श्रोतेहो, मुलाने विचारले तर आपण उत्तर देऊ या. आपण गप्प बसलो, तर त्याला उत्तर लोकलच्या डब्यातील कागद देईल.