योजनेच्या नावामागचा माणूस

‘कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना’ हे नाव तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. समाजकल्याण कार्यालयाच्या भिंतीवर, नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये. भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देणारी ही महाराष्ट्र सरकारची योजना २००४ पासून सुरू आहे. परीक्षेत तिच्यावर एका गुणाचा प्रश्न येतो आणि आपण पुढे सरकतो. योजनेला या माणसाचं नाव का दिलं असेल, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

मी नाशिकचा. आमच्या शहरात दादासाहेबांच्या नावाचं सभागृह आहे. तिथे अधूनमधून कार्यक्रम होतात, लोक ‘गायकवाड सभागृहात भेटू’ असं म्हणतात. नाव इतकं सवयीचं झालं, की त्यामागे एक माणूस होता, तो आमच्या जिल्ह्यातून निवडून थेट दिल्लीला गेला होता आणि तिथे बसून गावकुसाबाहेरच्या माणसासाठी जमीन मागत होता, हे मागे पडलं. हा लेख त्या माणसाबद्दल आहे. आणि लोकप्रतिनिधीने सभागृहात बसून करायचं तरी काय असतं, या प्रश्नाबद्दलही.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, नाशिकच्या उत्तरेला असलेल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. जात महार. त्या काळात या जातीत जन्मणं म्हणजे काय, हे समजायला ‘महार वतन’ समजून घ्यावं लागतं. गावाची सरकारी आणि सार्वजनिक कामं महारांनी करायची. सांगावा पोचवायचा, सरकारी माणूस आला की त्याच्या दिमतीला राहायचं, मेलेली जनावरं ओढायची. कामाला वेळेचं बंधन नाही. त्या बदल्यात थोडीशी वतनी जमीन आणि गावकऱ्यांकडून बलुतं. नावाला वतनदार, पण खरं तर तो वेठीचा करार होता, आणि बाप गेला की तो मुलाच्या गळ्यात पडायचा. १८७४ च्या कायद्याने इंग्रज सरकारने त्यावर शिक्काही मारला. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदे मंडळात ही पद्धत बदलण्यासाठी विधेयक मांडलं, ते पुढे जाऊ शकलं नाही. जमीन आणि गुलामी एकाच दोरीने कशी बांधलेली असते, हे भाऊरावांनी पुस्तकात वाचण्याआधी गावात पाहिलेलं होतं.

शाळेच्या पुस्तकात त्यांची भेट होते ती काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या दोन ओळींत. २ मार्च १९३० ला पंचवटीत हजारोंची मिरवणूक मंदिरापर्यंत गेली आणि दरवाजे बंद झाले. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रही मंदिराच्या चारही दरवाजांसमोर बसले. बायकाही होत्या. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. नेतृत्व बाबासाहेबांचं होतं, पण ते मुंबईत, आणि पुढे गोलमेज परिषदेसाठी लंडनला. नाशिकमध्ये हा लढा रोजच्या रोज चालवायचं काम सत्याग्रह समितीचे चिटणीस म्हणून भाऊरावांकडे होतं. सत्याग्रहींच्या राहण्याखाण्याची सोय, पैसा, पोलीस, खटले, गावात परतल्यावर बहिष्कार सोसणारी माणसं, हे सगळं त्यात आलं. आणि हे एक-दोन आठवडे नव्हे, काही वर्षं चाललं.

या काळात बाबासाहेबांनी भाऊरावांना लिहिलेली पत्रं आज छापील स्वरूपात वाचायला मिळतात. १९३४ च्या मार्चमधल्या एका पत्रात बाबासाहेब स्पष्ट सांगतात, की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा सत्याग्रह सुरू केला नव्हता. त्यांना जागं करण्याचा तो सर्वांत चांगला मार्ग वाटला म्हणून केला. आता ते काम झालं आहे, यापुढची ताकद राजकारण आणि शिक्षणाकडे वळवावी. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली.

मला हे वळण फार महत्त्वाचं वाटतं. पाच वर्षं ज्या दरवाजासमोर बसलो, तो उघडला नाही. मग त्याच्याकडे पाठ फिरवून दुसरा दरवाजा शोधायचा. तो दुसरा दरवाजा कायदे मंडळाचा होता. १९३७ मध्ये भाऊराव स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून गेले. या पक्षाच्या नावात जात नव्हती, मजूर होता. खोती रद्द करण्याचं विधेयक बाबासाहेबांनी याच सभागृहात मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर आला. सभागृहात विधेयक आणि त्याच सभागृहाच्या दाराशी माणसं, ही जोडी भाऊरावांनी तिथे पाहिली. पुढची तीस वर्षं ते तीच वापरत राहिले.

१९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राचा जोर होता. त्या निवडणुकीत दादासाहेब (आता ते सगळ्यांचे दादासाहेब झाले होते) शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार म्हणून नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. बाबासाहेब जाऊन जेमतेम काही महिने झाले होते. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. नाशिकहून दिल्ली रेल्वेने तेराशे किलोमीटरच्या पुढे. आज आपण खासदाराला समाजमाध्यमांवर टॅग करतो. तेव्हा नाशिक रोडला गाडीत बसलेला खासदार भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी करत दिल्लीला पोचला, की मतदारसंघ खूप लांब राहायचा. आंब्याच्या शेतमजुराला संसद म्हणजे उत्तरेकडची कुठलीतरी दूरची कचेरी.

दादासाहेबांनी हे अंतर कमी करायचा एक मार्ग काढला. प्रश्न तिकडे मांडायचा आणि चळवळ इकडे उभी करायची. प्रश्न एकच होता, जमीन.

इथे थोडं थांबून त्या काळचे जमिनीचे कायदे पाहू, कारण गोची तिथेच आहे. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्यानुसार, पुढच्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. मोठा कायदा होता, त्याने लाखो शेतकऱ्यांचं आयुष्य बदललं. पण कूळ कोण? ज्याच्याकडे खंडाने जमीन होती तो. जो कूळही नव्हता, फक्त रोजावर राबत होता, त्याला या कायद्यात जागाच नव्हती. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणताना शेतमजूरही कसतो, हे गृहीत धरलं गेलं नाही. १९५८ मध्ये कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा झाला. वेठ गेली ही मोठी सुटका होती. वतनी जमिनी सरकारजमा होऊन, रक्कम भरल्यावर, पुन्हा त्याच माणसांना अटींसह मिळायच्या होत्या. पण मुळात ते तुकडे किती लहान, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन एकेकाच्या वाट्याला किती उरलेले!

म्हणून दादासाहेबांनी बोट ठेवलं ते गायरानावर, पडीक सरकारी जमिनीवर, वनखात्याच्या ओसाड जागांवर. गावात भूमिहीन आहे, गावाबाहेर सरकारची पडीक जमीन आहे, मग दोघांची गाठ का पडू नये? १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. नाशिक, खानदेश, मराठवाड्यात माणसं पडीक जमिनीवर नांगर घेऊन उतरली आणि तुरुंगात गेली. ही मागणी फक्त महारांसाठी नव्हती. भूमिहीन कुठल्याही जातीचा असो, त्याच्यासाठी होती. डाव्या पक्षांशी त्यांचं जुळलं ते यामुळेच.

आणि पक्षात फूट पडली तीही याच सुमारास. बी. सी. कांबळे यांच्या गटाला हा रस्ता मान्य नव्हता. बाबासाहेबांनी घटनात्मक मार्ग शिकवला, आपण शिकलेल्यांनी तो चालवायचा, गायकवाड पक्षाला कम्युनिस्टांच्या वाटेने नेताहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. एका गटाला लोक ‘दुरुस्त’ म्हणू लागले, दुसरा ‘नादुरुस्त’ ठरला. आज या शब्दांचं हसू येतं, पण वाद खरा होता. कांबळ्यांची भीतीही अगदीच पोकळ नव्हती. मोर्चात जाणारा शेतमजूर तुरुंगातून परत त्याच गावात, त्याच मालकाकडे कामाला जाणार होता. त्याची किंमत नेता मोजत नाही, तो मजूर मोजतो. तरीही मला दादासाहेबांची बाजू जास्त पटते. ज्याच्याकडे सातबारा नाही त्याला घटनेतला हक्क गावात वापरताच येत नाही, कारण उद्याची चूल दुसऱ्याच्या शेतावर अवलंबून असते.

१९६२ ते १९६८ दादासाहेब राज्यसभेत होते. याच काळात चळवळ देशभर गेली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपुढे मागण्यांची सनद ठेवली गेली. पडीक जमीन भूमिहीनांना द्या. किमान वेतनाचा कायदा नीट राबवा. धान्याच्या किमती आवरा. झोपडपट्ट्या सुधारा. बौद्ध झालेल्यांच्या सवलती चालू ठेवा. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावा. ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, सत्याग्रह सुरू झाला. तुरुंगात गेलेल्यांचा आकडा चळवळीतले लोक तीन लाखांच्या वर सांगतात. राज्यसभेचा सदस्य संसदेसमोर सत्याग्रही होऊन उभा राहतो, हे दृश्य आज किती जणांना पटेल?

मागण्यांचं काय झालं? तैलचित्र संसदेत लागलं १९९० मध्ये. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या त्याही १९९० मध्ये. सनदेनंतर सव्वीस वर्षांनी, आणि दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ ला गेल्यावर एकोणीस वर्षांनी. जमिनीची मागणी तुकड्यातुकड्याने पुरी झाली. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची भूमिहीनांची काही अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितल्या. भूमिहीन आणि दलित-आदिवासींना सरकारी आदेशाने दिलेल्या पट्ट्यांना त्याच निकालात अपवादाची जागाही ठेवली. पण नोटीस येते तेव्हा बंगलेवाला आणि दोन एकरांत बाजरी पेरणारा, दोघंही कागदावर ‘अतिक्रमणधारक’ असतात.

दादासाहेबांचं सगळं बरोबरच होतं असं नाही. शेवटच्या वर्षांत त्यांनी काँग्रेसशी जुळवून घेतलं. त्यातून काही जागा मिळाल्या, पण पक्षाची धार गेली. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि तिचा राग रिपब्लिकन पुढाऱ्यांवरही होता. त्या रागाला कारणं होती.

पण त्यांची जोडी, सभागृह आणि रस्ता, नाशिक जिल्ह्याने सोडली नाही. मार्च २०१८ मध्ये सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत गेले, वनहक्क कायद्याखालचे जमिनीचे दावे मंजूर करा म्हणून. पुढे असणाऱ्यांत कळवणचे तेव्हाचे आमदार जे. पी. गावित होते. दहावीच्या पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून ते लोक शेवटचा टप्पा रात्री चालले. त्यांचे सोललेले तळवे तुम्ही फोनवर पाहिले असतील. तो फोटो व्हायरल झाला; त्यामागची मागणी मात्र साठ वर्षं जुनी होती.

आता पुन्हा त्या योजनेकडे पाहा. दादासाहेब सरकारकडे सरकारचीच पडीक जमीन मागत होते. त्यांच्या नावाची योजना खासगी मालकाकडून जमीन विकत घेऊन देते. सुरुवातीला निम्मं अनुदान आणि निम्मं बिनव्याजी कर्ज होतं, २०१८ पासून पूर्ण अनुदान आहे. हे चांगलंच आहे. पण सरकारी दराने जमीन विकायला तयार मालक भेटला, तर. म्हणजे भूमिहीनाचा हक्क पुन्हा जमीनवाल्याच्या मर्जीवर येऊन थांबला.

परीक्षेत उत्तर लिहाल तेव्हा चार एकर, दोन एकर हे बरोबर लिहा, गुण मिळेल. आणि तुमच्या गावचं गायरान आज कुणाच्या ताब्यात आहे, हे एकदा तलाठ्याला विचारून पाहा.