सटाण्याचे पान

विकिपीडिया सगळेच वाचतात, पण तो लिहिते कोण असे विचारले तर बहुतेकांना वाटते, कुठेतरी मोठे ऑफिस असेल आणि पगारी माणसे असतील. तसे काही नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी सुरू झाला आणि तेव्हापासून तो हौशी लोकांच्या फावल्या वेळावर चालला आहे. मीही त्यांतलीच एक. दिवसा कंपनीचा कोड लिहायचा आणि रात्री जेवणे आवरली की बागलाणातल्या एखाद्या पानावर दोन वाक्ये नीट करायची. घरात याला ‘आईचे विणकाम’ म्हणतात.

मराठीत हे काम नवीन नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतले आणि त्यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड तडीस नेले. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली ‘मराठी विश्वकोश’ आकाराला आला, त्याचा पहिला खंड १९७६ चा. ते जाड खंड आपल्यापैकी बऱ्याच जणांनी काचेच्या कपाटातच पाहिले असतील. छापील कोशाला पानांची मर्यादा असते, त्यामुळे तालुक्याच्या गावाला फार तर एखादा परिच्छेद मिळायचा. संगणकावर जागेची अडचण उरली नाही. अडचण आता पुराव्याची आहे.

पण त्याआधी एक गंमत सांगते. या ऑनलाइन कोशातली परिभाषा कोणी घडवली असेल तो असेल, पण गावातला माणूस होता एवढे नक्की. संपादकांनी एकत्र बोलायच्या जागेला ‘चावडी’ म्हणतात. नवख्याने हात बसवायचा ती ‘धूळपाटी’. आणि सांगितलेले काम निमूट करणाऱ्या प्रोग्रॅमला ‘सांगकाम्या’. वीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढली, पण ‘बॉट’ला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

आता आपल्या भागाकडे येते. पहिली लढाई नावाचीच. तालुका बागलाण, गाव सटाणा, आणि हिंदीच्या वळणाने लिहिणाऱ्यांनी केलेले ‘सटाना’ आणि ‘बागलान’. हे ‘न’चे ‘ण’ करण्यात माझ्या किती रात्री गेल्या ते विचारू नका.

बागलाण हे नाव इथल्या बागुल राजांवरून पडले असे मानतात. त्यांची राजधानी मुल्हेर, म्हणजे संस्कृतातले मयूरगिरी. तिथल्या नारायणशाह राजाच्या दरबारी रुद्रकवीने १५९६ मध्ये ‘राष्ट्रौढवंश’ नावाचे महाकाव्य लिहिले, वीस सर्गांचे. ते छापून निघाले १९१७ साली, बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत. आपल्या राजांचा इतिहास जगाला वाचायला मिळाला तो बडोद्याच्या ग्रंथमालेमुळे! दरबारी कवीचे कौतुक जसेच्या तसे खरे धरता येत नाही, पण हे पुस्तक नसते तर मुल्हेरच्या पानावर १६३८ साली मोगलांनी बागलाण जिंकले एवढीच ओळ उरली असती. म्हणजे हरल्याची तारीख तेवढी.

साल्हेरचे तसे नाही. १६७२ ची लढाई, प्रतापराव गुजर, मोरोपंत पिंगळे, तिथे पडलेले सूर्याजी काकडे, यांच्यावर भरपूर लिहिलेले आहे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत साल्हेर आहे, हे कळल्यावर मी रात्री बराच वेळ ते पान उघडून बसले होते. साल्हेरला माझी गरज नाही, हे तेव्हा लक्षात आले. गरज आहे ती गावातल्या देवळाला.

यशवंतराव महादेव भोसेकर, आपले देव मामलेदार. जन्म १८१५, निधन १८८७. मार्गशीर्षातल्या वद्य एकादशीची यात्रा आपण सर्वांनी पाळण्यासकट अनुभवली आहे. १८७०-७१ च्या दुष्काळात या मामलेदारांनी सरकारी खजिना लोकांसाठी खुला केला, १ लाख २७ हजार रुपये वाटले, आणि वरिष्ठ तपासणीला आले तेव्हा खजिन्यात पै कमी भरली नाही. सटाण्यातल्या कुठल्याही आजीला विचारा, हेच सांगेल.

कोशात हे कसे लिहायचे? अशा पानांवर दोन प्रकारची माणसे येतात. एक चमत्कार जसाच्या तसा घटना म्हणून लिहून जातो. दुसरा तो अख्खा परिच्छेद ‘अंधश्रद्धा’ म्हणून उडवतो. मला दोघांचेही पटत नाही. ‘भाविकांची अशी श्रद्धा आहे’ असे लिहून खाली छापील संदर्भ द्यावा, हा नियमाचा मार्ग, आणि तो योग्यच आहे. पण त्या वाक्याने माझे समाधान होत नाही. चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला तरी काय उरते ते बघा. इंग्रजी राज्यातला एक देशी अधिकारी, ज्याला तिजोरीचा हिशेब वर द्यावा लागतो, तो भुकेल्या माणसांकडे बघून नोकरी पणाला लावतो अशी ही गोष्ट आहे. आणि लोक त्याच्या हुद्द्यालाच ‘देव’ जोडतात. सरकारी अधिकाऱ्याचे देऊळ बांधून त्याची वर्षानुवर्षे यात्रा भरवणारी गावे किती असतील? तिजोरी कशी भरली यावर आपण तासभर बोलतो, पण ती रिकामी का करावी लागली, तेव्हा गावात काय खात होते, किती जण गाव सोडून गेले, हे विचारत नाही. मला त्या पानावर दुष्काळ हवा आहे.

तो लिहायला कागद लागतात. १८८३ चे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर आहे, पण ती साहेबाच्या नजरेतली माहिती. आपल्या बाजूचे बरेचसे अहिराणीत, बोलण्यात आणि ओव्यांत राहिले, आणि ऐकलेले विकिपीडियाला चालत नाही. म्हणून घरात माळ्यावर, ट्रंकेत काही जुने असेल तर बघा: यात्रेची पत्रके, देवस्थानाच्या पुस्तिका, शाळेचे वार्षिक अंक, आजोबांनी जपलेले साप्ताहिक. आपल्या गुरुजनांकडे तर नक्कीच असेल. मूळ वस्तू तुमच्याकडेच राहू द्या, मला फक्त मोबाइलने काढलेले फोटो पाठवा. फोटो काढताना प्रकाशकाचे नाव आणि साल छापलेले पान आधी शोधा. माझ्या अनुभवाने सांगते, बहुतेक वेळा नेमके तेच फाटलेले असते.