दोन रथ, एक रस्ता : आदिलाबादची रांगोळी आणि शिकाऊ हात

इतिहास म्हटला की व्याख्यानमालेत शिलालेख, सनदा, फार तर जुनी पत्रे यांची अपेक्षा असते. माझ्या आजच्या विषयाचे मूळ साधन दुसऱ्या दिवशी सकाळी केरसुणीने झाडले जाते. उरली तर कोपऱ्यात थोडी पांढरी भुकटी उरते. तरीही तो इतिहासच आहे असे मी धरून चालले आहे. श्रोत्यांनी निदान आजच्यापुरते ते मान्य करावे.

विषय रांगोळीचा आहे, पण देवघरापुढच्या रांगोळीचा नव्हे. संक्रांतीच्या सुमारास आपल्या शहरात आणि मंडलांच्या गावी, रस्त्यावर किंवा शाळेच्या पटांगणात चुन्याने चौकोन आखून मुग्गुलु स्पर्धा होतात. त्यांत आपल्या घरच्या मुली उतरतात. घरून त्या काय घेऊन जातात, रस्ता त्यांना काय शिकवतो, आणि शिकणाऱ्या मुलीला त्या चौकोनात खरोखर जागा आहे का, एवढेच मला पाहायचे आहे.

थोडे मागे जाऊ. आपल्या जैनथला परमार जगद्देवाच्या काळचा संस्कृत शिलालेख आहे. माळव्याचा हा राजपुत्र कल्याणीच्या चालुक्यांकडे, सहाव्या विक्रमादित्याच्या पदरी आला होता. त्या विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर. त्याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात चित्रांचे प्रकार सांगताना रंगीत चूर्णांनी काढलेल्या ‘धूलिचित्रा’ला त्याने स्वतंत्र स्थान दिले आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, जे १९५६ पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यात होते. त्याच ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओव्या गातात, अशीही नोंद आहे. म्हणजे बायकांच्या दोन कला एका राजाने एकाच ग्रंथात टिपल्या. पुढे ओवीला ज्ञानेश्वर मिळाले आणि ती पोथीत गेली. धूलिचित्र मात्र अंगणातच राहिले. त्याला ना कर्त्रीचे नाव मिळाले, ना तारीख.

अंगणातले हे शिक्षण ढिसाळ होते असे मात्र कोणी समजू नये. चातुर्मासात रोज तेहतीस गोपद्मे काढणाऱ्या मुलीचे बोट चार महिन्यांत कसे तयार होत असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. चैत्रांगण तर एक पूर्ण अभ्यासक्रमच. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते, ती अक्षय तृतीयेपर्यंत. तेवढे दिवस अंगणात तिचा झोपाळा, तुळशीवृंदावन, शंख, चक्र, गदा, पद्म, सूर्य, चंद्र, नाग, कासव, हत्ती, करंडा, फणी, अशी एक्कावन्न किंवा बावन्न चिन्हे काढायची. आकड्यावरून घराघरांत वाद असतात आणि ते सुटू नयेत असे मला वाटते. महत्त्वाचे हे, की ही चिन्हे लहान असतात, दाटीने बसतात आणि त्यांच्याजवळ बसून ती वाचायची असतात.

शेजारच्या तेलुगू अंगणातली शिस्त निराळी. तिथेही ठिपके आहेत, त्यांना ‘चुक्कलु’ म्हणतात. आपण बहुधा ठिपक्याला ठिपका जोडतो. त्यांच्या मेलिकल मुग्गूत रेघ ठिपक्याला शिवत नाही, वळसा घालून पुढे जाते आणि फिरून निघाल्या जागी मिळते. एक वळसा चुकला की अख्खी आकृती फसते. शिवाय त्यांना सराव फार. १६ डिसेंबरच्या आसपास सूर्य धनु राशीत गेला की संक्रांतीपर्यंत रोज पहाटे दारात मोठा मुग्गू, त्यात शेणाच्या गोब्बेम्मा आणि त्यांवर फुले. तोच महिना आपला धुंधुरमास. म्हणजे एकाच गल्लीत, एकाच थंडीत, मराठी घरात पहाटे उठून खिचडी आणि बाजरीच्या भाकरी होत असतात, तेव्हा शेजारची मुलगी दारात चुक्के मोजत असते. महिनाभराने दोघी एकाच स्पर्धेत उतरतात. एकीचा हात तापलेला असतो, दुसरीचा चैत्रातच थांबलेला.

आपली मुलगी मागे पडली की ‘मराठी म्हणून डावलली’ असे आपल्यात चटकन म्हटले जाते. मला ते पटत नाही. परीक्षक तेलुगू असो वा मराठी, तो उभ्याने पाहतो आणि चौकोनाच्या कडेने चालत जातो. बसून वाचायची लिपी उभ्याने वाचली जात नाही. नागाशेजारचे कासव त्याला दिसतच नाही. त्याला दिसतो तो समतोल, रेघेची सफाई आणि रंगाची भरण. अंगण आणि रस्ता यांत मापाचा फरक आहे, आणि ते माप शिकता येते. पहिल्या वर्षी मुलगी चौकोनाच्या एका कोपऱ्यात बारीक काम करत बसते आणि वेळ संपतो. दुसऱ्या वर्षी ती आधी मध्य काढते, दोरीने चौकोनाचे चार भाग करते आणि मागे सरकत काम करते, म्हणजे स्वतःचा पदर किंवा ओढणी आकृतीवर फिरत नाही. घरात हे कोणी सांगत नाही, कारण घरात त्याची गरज पडत नाही.

इथे १९५६ चा संबंध येतो. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा आपल्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले. आपण आंध्र प्रदेशात राहिलो, २०१४ मध्ये तेलंगणात आलो आणि २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. भाषेच्या अंगाने या वाटणीवर पुष्कळ बोलले गेले आहे, चित्रकलेच्या अंगाने कोणी बोलत नाही. किनवटची मुलगी महाराष्ट्र शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसते. तिला श्रेणी मिळते, दहावीला त्याचे गुण मिळतात, आणि शिक्षक तिच्याकडून सरळ रेघ घोटून घेतात. बेल्याची किंवा तलमडुगूची मराठी मुलगी, जिच्या घरी तेच चैत्रांगण आहे, तिच्यापुढे ही पायरी नाही. इकडेही चित्रकलेच्या लोअर आणि हायर परीक्षा आहेत, पण त्यांना बहुधा कलाशिक्षक व्हायचे असलेली मंडळी बसतात. त्यामुळे नदीच्या अलीकडच्या मुलीची पहिली जाहीर परीक्षा म्हणजे रस्त्यावरचा तो चौकोन. तिथे भाषा आड येत नाही. निजामी अमलात उर्दू माध्यमाने आपल्या कितीतरी पिढ्यांना अडवले. आजीच्या रांगोळीला मात्र तेव्हाही माध्यम लागले नाही, आणि नातीच्या मुग्गूलाही ते लागत नाही.

म्हणूनच ही परीक्षा कशी घेतली जाते हे मला महत्त्वाचे वाटते. बहुतेक ठिकाणी पंधरा वर्षांची मुलगी आणि वीस वर्षे मुग्गू काढणारी बाई एकाच रांगेत बसतात. बक्षीस ठरलेलेच असते. उत्तेजनार्थ म्हणून सर्वांना स्टीलचा डबा मिळतो आणि मुलगी घरी जाते. आपले काय चुकले हे तिला कोणी सांगत नाही.

जगात अन्यत्र यावर विचार झालेला आहे. इटलीत मान्तोवा शहराजवळ ग्रात्सिए नावाचे छोटे तीर्थक्षेत्र आहे. तिकडे पूर्वी फिरस्ते चित्रकार देवळापुढच्या फरशीवर खडूने मेरीमातेचे चित्र काढून चार पैसे मिळवीत. मेरी म्हणजे मादोन्ना, म्हणून त्यांना ‘मादोन्नारी’ म्हणत. युद्धानंतर ही जमात संपत आली. मग १९७३ पासून दर १५ ऑगस्टच्या जत्रेला तिथे देवळासमोरच्या चौकात या चित्रकारांचा मेळा भरू लागला. अमेरिकेत सांता बार्बराच्या जुन्या मिशनपुढे १९८७ मध्ये त्याच नावाने उत्सव सुरू झाला आणि तेथून ही प्रथा पसरली. मला ग्रात्सिएची एक गोष्ट फार आवडते. तिथे तीन पायऱ्या आहेत : साधे मादोन्नारी, पात्र ठरलेले मादोन्नारी आणि उस्ताद. नवख्याची तुलना नवख्याशीच होते. तो वर चढतो तो कामाच्या जोरावर, आणि उस्ताद जवळच काम करत असल्यामुळे त्याला ते पाहताही येते. आपण आपल्याकडे वयाचे गट पाडतो, क्वचित विवाहित-अविवाहित असेही पाडतो. लग्नाने रेघ कशी सुधारते हे मला अजून कळलेले नाही.

महाराष्ट्रात वाट थोडी वेगळी गेली. मुंबईच्या गुणवंत मांजरेकरांसारख्यांनी रांगोळीला हुबेहूब व्यक्तिचित्रांपर्यंत नेले. ती कला सभागृहातली, वाऱ्यापासून जपलेली. रस्त्यावर आली ती मिरवणुकीबरोबर. पुण्यात राष्ट्रीय कला अकादमीचे कार्यकर्ते विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर रांगोळीच्या पायघड्या घालतात आणि मिरवणूक त्यांवरूनच जाते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांतही हेच दिसते. इथे नवशिक्याला सोय चांगली : तो आधी रंग भरतो, मग कडा ओढतो, आणि दोन-चार वर्षांनी त्याच्या हाती मधला भाग देतात. पाचही बोटांतून रांगोळी सोडण्याची ‘संस्कार भारती’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत अशाच कामासाठी सोयीची, कारण तिने थोड्या वेळात पुष्कळ रस्ता भरतो. पाटणबोरी-पांढरकवड्याकडच्या सोयरिकींतून ती आपल्याकडच्या मांडवांतही आली. माझी तक्रार एवढीच, की तिच्यात कोणाचा हात कुठला हे ओळखू येत नाही. मेलिकल मुग्गूत ते येते, आजीच्या चैत्रांगणात तर फारच येते.

आपल्या मंडळाने आपली एक स्पर्धा घ्यावी, असे मी सुचवते. तीन पायऱ्यांची, आणि निकालानंतर परीक्षकाने प्रत्येक चौकोनापाशी बसून दोन वाक्ये बोलायची अशी. पहिल्या पायरीच्या मुलींना उस्ताद बायकांच्या शेजारचे चौकोन द्यावेत. चौकोनाचे छायाचित्र, मुलीचे नाव, गाव, आणि रांगोळी कोणाकडून शिकली ते, एवढे मंडळाच्या दप्तरात राहावे. आईकडून, आजीकडून की शेजारच्या तेलुगू अक्काकडून, हे पन्नास वर्षांनी कोणाला तरी हवे असेल.

आणि दिवस कोणता? संक्रांत झाली की कनुमाला तेलुगू दारांत रथम मुग्गू निघतो. त्या रथाची दोरी अंगणात संपत नाही. ती फाटकाबाहेर, रस्त्यावर आणि शेजारच्या रथापर्यंत ओढतात. आपलाही रथ आहे, माघ शुद्ध सप्तमीचा. पाटावर किंवा अंगणात सात घोडे, सूर्य, आणि गोवऱ्यांवर उतू जाणारे दूध. संक्रांत सूर्याच्या गणिताने येते आणि रथसप्तमी चंद्राच्या, त्यामुळे दोन रथांतले अंतर दरवर्षी बदलते. २०२४ मध्ये रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, २०२५ मध्ये ४ फेब्रुवारीला, २०२६ मध्ये २५ जानेवारीला. तेलुगू दोरी अजून रस्त्यावर पुसट दिसत असेल, अशा वर्षी आपला चौकोन तिच्या टोकाला आखावा.