गोळ्या १६५०, माणसं किती?

आज १३ एप्रिल. दरवर्षी या तारखेला आपण जालियनवाला बागेचा फोटो टाकतो, खाली 'विनम्र अभिवादन' लिहितो आणि पुढे जातो. मीही तेच करायचो. मागच्या हिवाळ्यात प्रत्यक्ष बागेत जाऊन आलो, तेव्हापासून एक आकडा डोक्यातून जात नाही. म्हणून हे जरा लांबलचक.

सुवर्णमंदिरातून निघालं की चालत काही मिनिटांत बाग येते. आत जायला एक बोळ आहे. १९१९ मध्ये जनरल डायर याच बोळातून सैनिक घेऊन आत शिरला. सोबत दोन चिलखती गाड्या होत्या, त्या बोळात मावल्या नाहीत म्हणून बाहेर राहिल्या. २०२१ च्या नूतनीकरणात या बोळाच्या भिंतींवर माणसांची शिल्पं बसवली. हसरी, जत्रेला निघालेली. त्यावर बरीच टीका झाली. लोक तिथे थांबून सेल्फी काढतात. खोटं कशाला बोलू, मीही काढला.

आत गेल्यावर गप्प व्हायला होतं. भिंतीवर गोळ्यांच्या खुणा चौकटी आखून दाखवल्या आहेत. पुढे ती विहीर. जीव वाचवायला लोकांनी तिच्यात उड्या घेतल्या. १२० मृतदेह विहिरीतून काढल्याची पाटी तिथे आहे.

त्या दिवशी बैसाखी होती. कुणी सणाला शहरात आलेलं, तर कुणी रौलट कायद्याच्या आणि डॉ. सत्यपाल, डॉ. किचलू यांच्या अटकेच्या निषेधाच्या सभेला. डायरने इशारा न देताच गोळीबाराचा हुकूम दिला. साधारण दहा मिनिटं, १६५० गोळ्या. मग सैन्य आलं तसं निघून गेलं. जखमींकडे कुणी बघितलं नाही. रात्री आठनंतर बाहेर दिसेल त्याला गोळी, असा हुकूम होता. रतनदेवी नावाच्या बाईंनी नवऱ्याच्या मृतदेहाशेजारी अख्खी रात्र काढली, कुत्री हाकलायला हातात काठी घेऊन. मृतदेह घरी न्यायला एक खाट आणि चार माणसं मिळाली नाहीत.

आता आकड्यांकडे या. गोळ्या १६५०, हा हिशेब चोख. मेलेली माणसं मात्र कुणी मोजलीच नाहीत. सरकारने चौकशी सुरू केली ती थेट ऑगस्टमध्ये. आपल्या घरातलं कोण मेलं ते येऊन सांगा, असं लोकांना कळवलं. लष्करी कायद्यात ज्यांना फटके बसले, ज्या गल्लीत लोकांना पोटावर सरपटायला लावलं, त्या शहरात 'माझा मुलगा सभेला होता' असं सरकारला सांगायला कोण जाणार? शेवटी हंटर समितीच्या अहवालात ३७९ हा आकडा आला आणि पाठ्यपुस्तकांत पक्का बसला.

काँग्रेसने स्वतःची चौकशी केली. त्यात गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि आपले मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पुणे विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय यांच्याच नावाचं, तिथे अभ्यास केलेले बरेच जण ही पोस्ट वाचत असतील. या मंडळींनी १७०० हून जास्त साक्षी तपासल्या आणि त्यातल्या साडेसहाशेच्या आसपास नावानिशी छापल्या. रतनदेवींची साक्ष आपल्यापर्यंत आली ती यामुळे. मृतांचा त्यांचा अंदाज सुमारे १००० होता. आजही अमृतसरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या यादीत ४८४ नावं आहेत. म्हणजे शंभर वर्षं उलटली, तरी आकडे जुळत नाहीत.

विहिरीपाशी उभा असताना मला आपलं गाव आठवत होतं. २०२१ चे एप्रिल-मे. रोज संध्याकाळी सरकारी आकडा यायचा. स्मशानात लाकडं रचणारा माणूस फोनवर वेगळाच आकडा सांगायचा. त्याच्या आकड्यावर सही-शिक्का नव्हता. मी सरकारी आकडा छापला. रोज. एकदाही 'स्मशानातली नोंद वेगळी आहे' अशी एक ओळ जोडली नाही. मला कुणी दाबलं नव्हतं, सवयच तशी लागली होती.

डायरशी कुणाची तुलना करत नाहीये, उगाच भांडायला येऊ नका. म्हणणं एवढंच आहे, की आकडा सरकार देतं, पण नावं गावाला माहीत असतात. ती वेळेवर कुणी लिहून घेतली नाहीत, तर मागे फक्त आकडा उरतो.

म्हणून एक वही घातली आहे. त्या दोन महिन्यांत आपल्या तालुक्यातलं तुमच्या घरचं कुणी गेलं असेल, तर इनबॉक्समध्ये नाव, गाव आणि तारीख पाठवा. कागद नसला तरी चालेल. विचारल्याशिवाय काहीही छापणार नाही. उशीर झालाय, पाच वर्षं होत आली. पण ही नावं सांगू शकतील अशी माणसं अजून आहेत.