जोर, बैठका आणि सातत्य : घरच्या घरी बलसंवर्धन

पंगतीत मांडी घालून बसल्यावर उठताना हाताचा टेकू घ्यावा लागतो का? दोन जिने चढल्यावर मांड्या भरून येतात का? या साध्या प्रश्नांची उत्तरे आपल्या स्नायूंच्या बळाविषयी पुष्कळ काही सांगून जातात. व्यायाम नसेल तर तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. उतारवयात आपली कामे आपल्याला करता येणार की दुसऱ्याच्या आधारावर विसंबावे लागणार, हे बऱ्याच अंशी या बळावर ठरते. नियमित चालण्याने हृदय व फुप्फुसे सुदृढ राहतात, परंतु स्नायूंच्या बळासाठी तेवढे पुरत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमांबरोबरच किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे.

यंत्राविना व्यायाम

बलसंवर्धनासाठी महागडी यंत्रे हवीत, हा समज खरा नाही. तालमीतील मल्लांनी जोर-बैठकांवरच शरीरे कमावली. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तोही सतरंजीभर जागेत होणारा व्यायाम. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागू झाल्यावर महाराष्ट्रातील व्यायामशाळांना कुलपे लागली, ती थेट त्या वर्षीच्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबर रोजी उघडली. त्या काळात अनेकांना घरच्या व्यायामाची नव्याने ओळख झाली.

आपले शरीर हेच येथे वजन असते. सरळ अंगाने मारलेल्या जोरात, ज्याला आता सर्रास पुश-अप म्हणतात, शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भार हातांवर येतो. गुडघे टेकले की तो निम्म्याच्या आसपास उतरतो. हात भिंतीला लावून उभ्याने केल्यास आणखी कमी होतो. शरीराचा कोन बदलून भार कमी-अधिक करता येतो, हेच या पद्धतीचे मर्म आहे.

पाच हालचाली

संपूर्ण शरीरासाठी पाच प्रकारच्या हालचाली पुरेशा आहेत.

१) ढकलणे : जोर. आरंभ भिंतीपासून, मग स्वयंपाकघराचा ओटा, मग गुडघे टेकून आणि शेवटी पूर्ण जोर.

२) बसणे-उठणे : बैठका. प्रथम खुर्चीवरून हात न लावता उठावे, पुढे खुर्चीविना. त्यानंतर जिन्याच्या पायरीवर एका पायाने चढावे.

३) कंबर उचलणे : उताणे पडून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणे, म्हणजेच सेतुबंधासनासारखी हालचाल. पुढे हीच एका पायावर करावी.

४) ओढणे : घरच्या व्यायामात हमखास राहून जाणारी बाजू. पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक हाती घ्यावी, पाठ सरळ ठेवून पुढे वाकावे आणि ती पोटाकडे ओढावी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हा हिशेब सोपा आहे.

५) ताठ राहणे : कोपरे व पायाची बोटे टेकून शरीर फळीसारखे धरणे. १५ सेकंदांपासून आरंभ करावा.

प्रत्येक हालचाल ८ ते १५ वेळा (पाचवी सेकंदांत मोजावी), अशा दोन किंवा तीन फेऱ्या आणि आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. एवढ्यास साधारण अर्धा तास लागतो. आणखी दोनच होतील असे वाटले की थांबावे. दररोज दमछाक होईपर्यंत ताणण्याची गरज नाही.

संख्या की अवघडपणा?

येथेच अनेकांची गफलत होते. दहा बैठका जमल्या की पन्नास, पन्नास जमल्या की शंभर, अशी संख्या वाढवत नेली जाते. त्याने दमसास वाढतो, पण बळाची वाढ मंदावते. एखादी हालचाल सलग २०-२५ वेळा सहज होऊ लागली की तिचा पुढचा, अवघड प्रकार घ्यावा आणि संख्या पुन्हा आठवर आणावी. खाली जाताना तीन अंक मोजत सावकाश गेल्यानेही हालचाल कठीण होते. पहिल्या काही आठवड्यांत बळ वाढते ते मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगल्या रीतीने कामाला लावते म्हणून. आरशात दिसणारा फरक त्यानंतर येतो. त्यामुळे महिनाभरात काही दिसले नाही म्हणून निराश होऊ नये.

व्यायामाबरोबर आहारातील प्रथिनेही महत्त्वाची. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीस सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. डाळी, उसळी, दूध, दही, अंडी, मासे यांतून ती मिळतात.

उत्साह ओसरल्यावर

नववर्षाचे संकल्प संक्रांतीपर्यंत टिकत नाहीत, याचे कारण ते उत्साहाच्या भरात केलेले असतात. टिकते ती सवय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास मध्यमान ६६ दिवस लागल्याचे आढळले. कुणाला १८ पुरतील, तर कुणाला २५४ लागतील, असा त्यांचा अंदाज होता. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष बाधा आली नाही, हा त्यातील दिलासा.

यावरून तीन गोष्टी कराव्यात. व्यायामाची सांगड रोजच्या एखाद्या कृतीशी घालावी. उदाहरणार्थ, सकाळच्या चहाआधी. अगदीच कंटाळा आला तर पाच बैठका तरी कराव्यात, म्हणजे खंड पडत नाही. आणि दिनदर्शिकेच्या चौकोनात त्या दिवसाचे आकडे लिहावेत. तीन महिन्यांमागचा ओट्यावरचा जोर आज जमिनीवर आलेला दिसणे, यापरते प्रोत्साहन नाही.

सावधगिरी

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, हर्निया, सांध्यांचे विकार असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आरंभ करावा. जोर लावताना श्वास रोखू नये, तो सोडावा. श्वास कोंडल्याने रक्तदाब एकदम वाढतो. दुसऱ्या दिवशी स्नायू दुखणे स्वाभाविक आहे. मात्र सांध्यात तीव्र कळ, छातीत दुखणे वा भोवळ आल्यास लगेच थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

साठी उलटलेल्यांनीही उशीर झाला असे मानू नये. त्या वयातही स्नायू व्यायामाला प्रतिसाद देतात. आज खुर्चीवरून हात न लावता पाच वेळा उठून पाहावे. जितके जमेल, तोच आपला पहिला आकडा.